रारिटनच्या खाडीतला हायब्रिड स्ट्रायपर: ठेवायचा की सोडायचा?

रारिटनकर

न्यू जर्सीतल्या आपल्या गळवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक फोटो फिरला. 25 इंची मासा, कुशीवरच्या काळ्या रेघा मधेच तुटलेल्या, आणि खाली ओळ: "हायब्रिड आहे, स्ट्रायपरचा नियम लागत नाही. आज कालवण!" त्यावर अंगठ्यांचा नुसता पाऊस. स्ट्रायपर म्हणजे अंगावर रेघा असलेला स्ट्राइप्ड बास, हायब्रिड म्हणजे त्याचा व्हाइट बासशी झालेला संकर. कोणाचं नाव घेत नाही, पण ग्रुपवर वाद घालण्यापेक्षा इथे नीट लिहितो.

माझं म्हणणं सरळ आहे. खाऱ्या पाण्यात रेघावाला बास लागला की तो स्ट्रायपरच समजायचा. हायब्रिड आहे का हे खुशाल बघा, मीही बघतो, पण ती हौस झाली. मासा कूलरमध्ये टाकायची सबब नव्हे.

मुळात पळवाट नाहीच. न्यू जर्सीच्या समुद्री नियमांत स्ट्रायपर आणि हायब्रिड स्ट्रायपर एकाच ओळीत आहेत: माणशी दिवसाला एक, 28 इंच पूर्ण आणि 31 च्या आत. 24 ते 28 मधला हवा असेल तर बोनस परमिट आधी काढावं लागतं. स्प्रूस रन आणि लेक होपॅटकाँग या गोड्या पाण्याच्या तलावांमध्ये सरकारच हायब्रिडची पिल्लं सोडतं, तिथला नियम वेगळा आणि सैल. तो कुठेतरी ऐकायचा आणि खाडीवरच्या कीपोर्टच्या धक्क्यावर लावायचा, असं चाललंय.

31 ची वरची मर्यादा कोणाच्या लहरीने आलेली नाही. 2015 साली जन्मलेली मोठी पिढी 2022 मध्ये ठेवायला परवानगी असलेल्या तेव्हाच्या मापात येऊन बसली, हौशी लोकांनी आदल्या वर्षाच्या जवळपास दुप्पट मासा घरी नेला, म्हणून मे 2023 मध्ये तातडीने ती लावली. मागून येणाऱ्या पिढ्यांचं काय? या किनाऱ्यावरचे बहुतेक स्ट्रायपर चेसापीक खाडीत जन्मतात. तिथे मेरीलँड दर उन्हाळ्यात जाळं ओढून पिल्लं मोजतं. दर ओढीला सरासरी 11 च्या आसपास यायला हवीत. 2023 ला आलं 1, 2024 ला 2, 2025 ला 4. अशा वेळी "रेघ तुटलीय" म्हणून 25 इंची मासा मारायचा?

वेंगुर्लेकर

नियम मोड असं मीही म्हणत नाही. दंड भरायची हौस कोणाला आहे! पण नियम आहे म्हणून तो बरोबर, हे मला पटत नाही.

हायब्रिड हा या खाडीचा मासाच नव्हे. साठच्या दशकात साउथ कॅरोलायनात स्ट्रायपरच्या मादीची अंडी आणि व्हाइट बासच्या नराचं वीर्य एकत्र करून तो हॅचरीत बनवला. व्हाइट बास तर गोड्या पाण्यातला. स्प्रूस रनचं पाणी रारिटनच्या साउथ ब्रँचला मिळतं, ते पुढे खाडीत. धरणावरून पाणी सुटलं की चार मासे खाली येणारच. आणि हायब्रिड म्हणजे खेचरासारखा वांझ असं कोणी समजत असेल तर ते डोक्यातून काढा. त्याला पिल्लं होतात, शुद्ध स्ट्रायपरशीही जुळतो.

मग तो सोडून आपण कोणाचं भलं करतोय? स्ट्रायपर वाचवायचा असेल तर हा भेसळवाला पाण्यातून काढायला हवा. रारिटनकर, तुम्ही दोघांना एकाच पंगतीला बसवलंत.

दोन_पट्टे

वेंगुर्लेकर, युक्तिवाद कागदावर उत्तम. पण काढणार कोण? धक्क्यावर रात्री हेडलॅम्पच्या उजेडात उभा असलेला माणूस. त्याला ओळखता येतं का, एवढाच प्रश्न आहे. कामानिमित्त हे मासे हाताळतो म्हणून सांगतो.

सगळे आधी रेघा बघतात. स्ट्रायपरच्या सात-आठ रेघा कल्ल्यापासून शेपटीपर्यंत सलग जातात. हायब्रिडच्या छातीच्या पराच्या मागे आणि खालच्या बाजूला तुटतात, तुटलेला तुकडा अर्ध्या खवल्याने वर किंवा खाली सरकलेला दिसतो. छान. पण शुद्ध स्ट्रायपरमध्येही एखाददुसरी रेघ अशी सरकलेली असते, विशेषतः जुनी जखम भरली असेल तिथे. उलट सलग रेघांचा हायब्रिडही मिळतो.

मग म्हणतात, जीभ बघा. खालच्या जबड्यात अंगठा घालून मासा धरलात की बोट मागे न्या, जिभेच्या बुडाशी पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं. ते दातांचे पट्टे. स्ट्रायपरला दोन, समांतर, मधे स्पष्ट फट. व्हाइट बासला एकच. हायब्रिडला? दोनच, फक्त जरा जवळ जवळ. म्हणजे जीभ बघून व्हाइट बास वगळता येतो, स्ट्रायपर आणि हायब्रिड वेगळे करता येतीलच असं नाही. आणि रारिटनमध्ये व्हाइट बासशी तुमची गाठ पडायची नाही, पडेल ती व्हाइट पर्चशी. त्याला रेघाच नसतात.

उरला अंगाचा आडवेपणा. स्ट्रायपर लांबुडका, त्याची उंची लांबीच्या एक तृतीयांशाहून कमी. हायब्रिडची जास्त, डोक्यामागे खांदा चढलेला. ही खूण त्यातल्या त्यात बरी. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बंकर नावाची छोटी मासळी खाऊन फुगलेला स्ट्रायपर बघा आणि मग छातीठोक सांगा. हायब्रिडची शुद्धाशी झालेली पिल्लं तर जनुकं तपासल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही, मीही नाही.

म्हणून एका ओळीतला नियम मला ढोबळ वाटत नाही. हायब्रिडला सूट दिलीत तर तुटक्या रेघांचे शुद्ध स्ट्रायपर आधी मरतील.

चिंबोरी

तुम्ही सगळे ओळखण्यावर अडकलात. सोडणं म्हणजे पुण्य, हे कोणी ठरवलं?

स्ट्रायपरच्या साठ्याचं गणित मांडताना सोडलेल्या शंभरांतले 9 नंतर मरतात असं धरतात. गेल्या काही वर्षांत माणसामुळे मेलेल्या स्ट्रायपरपैकी 40 ते 50 टक्के असे "सोडलेले" आहेत. आमच्या घरातला एक इसम मे महिन्यात सँडी हूकला जातो आणि "आज तीस लागले, सगळे सोडले" असं अभिमानाने सांगत येतो. तीस सोडले म्हणजे तीनेक मारले ना? शेजारच्या कोरियन काकांनी मापातला एक ठेवला, काठी गुंडाळली आणि घरी गेले. जास्त मारले कोणी?

आणि हायब्रिडच खायचा असेल तर गळ कशाला हवा? मासळीच्या दुकानात बर्फावर "स्ट्राइप्ड बास" म्हणून दीड-दोन पौंडी येतो तो मत्स्यशेतीतला हायब्रिडच. इथे जंगली स्ट्रायपर विकायला बंदीच आहे. त्याच्याही रेघा तुटक्या असतात, पुढच्या वेळी बघा. आमसूल-तिरफळ घालून तिकलं झकास होतं. सरंग्याची सर नाही, पण परदेशात नखरे किती करायचे.

रारिटनकर

चिंबोरीताई, तीसचा हिशोब बिनतोड आहे. पण त्यातून "ठेवा" निघत नाही, "थांबा" निघतं. एक मापातला मिळाला, ठेवला, निघालो, याला माझी पूर्ण संमती. माझा आक्षेप मापाबाहेरचा हायब्रिड म्हणून ठेवण्याला आहे.

आणि 9 हा सरसकट आकडा आहे. गार, खाऱ्या पाण्यात ओठाला अडकलेला मासा पटकन सोडला तर तो बहुतेक जगतो. गोड्या किंवा कोमट पाण्यात, घशात गळ गेलेला, वर फोटोसाठी दोन मिनिटं हवेत धरलेला, त्याचं काही खरं नाही. जिवंत किंवा तुकड्यांचं आमिष लावताना सर्कल हूक, म्हणजे टोक आत वळलेला गळ, 2021 पासून सक्तीचा आहे तो यासाठीच. तरी धक्क्यावर अर्ध्या लोकांकडे जुनेच गळ दिसतात.

खाडीकाठचा

मी अलिबागकडचा, इथे ट्रेंटनला असतो. आमच्याकडे जिताडा, तोही बासच. त्याची गंमत अशी की तो आधी नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो. स्ट्रायपरमध्ये तसा बदल होत नाही, पण 30 पौंडांच्या वरचे जवळजवळ सगळे माद्याच. मोठीच्या पोटात अंडी लाखांनी. तिला पाण्यात ठेवायचं हे मला पटतं, मग तिचे आईबाप कोणी का असेनात.

आपल्याकडेही महाराष्ट्र सरकारने 2023 मध्ये 54 जातींच्या मासळीसाठी किमान माप ठरवलंय. वरचं माप मात्र नाही. गाभोळीचा मासा दिसला की आपल्या बाजारात भाव चढतो. इथल्या लोकांना हे सांगून बघा, चेहरे बघण्यासारखे होतात.

वेंगुर्लेकर

दोन पट्टे, ओळखण्याचा मुद्दा मान्य. मग सरकारने धरणातून मासा खाली येणार नाही अशी जाळी लावावी, किंवा तलावात हायब्रिड सोडणं थांबवावं. भेसळ त्यांनी करायची आणि माप आम्ही धरायचं, हा कुठला न्याय?

आणि रारिटनकर, याचं उत्तर द्या. सर्कल हूक लावला होता, सगळं नियमाने केलं. तरी 33 इंची मासा घशातून अडकला, कल्ल्यातून रक्त वाहतंय. तो जगणार नाही हे तुम्हालाही दिसतंय, मलाही. ठेवला तर दंड, सोडला तर खेकड्यांचं जेवण. तरी सोडायचा?

रारिटनकर

सोडायचा. गळ ओढत बसायचं नाही, दोरी तोंडाजवळ कापायची आणि सोडायचा. मलाही ते बघवत नाही. पण रक्त येणारा ठेवायची परवानगी दिली तर दुसऱ्या दिवसापासून धक्क्यावरच्या प्रत्येक 33 इंची माशाच्या कल्ल्यातून रक्त येऊ लागेल. आपल्या ग्रुपवर 25 इंची मासा हायब्रिड झालाच की नाही?

तलावाबद्दल मात्र तुमच्या बाजूने आहे. स्प्रूस रनबद्दल मत्स्य विभागाला पत्र लिहिणार असाल तर माझी सही धरा.

चिंबोरी

माझीही धरा. आणि ज्याचा फोटो होता त्याला कोणीतरी टेप घेऊन द्या. तोंड मिटून, शेपटी चिमटून मोजायचं असतं. फोटोत मासा तिरका ठेवलाय आणि तोंड उघडं आहे. 25 सुद्धा नसेल तो.