कॅसेटवरच्या भजनाच्या चाली संगणकावर नोटेशनमध्ये कशा आणायच्या?

पेटी_कुडाळ

नमस्कार मंडळी,

मी कुडाळजवळच्या आमच्या गावातल्या भजनी मंडळात पेटी वाजवतो. आमच्या बुवांच्या चालींच्या कॅसेटी माझ्याकडे आहेत. बहुतेक १९९० च्या दशकातल्या, सप्ताहाच्या वेळी देवळात टेपरेकॉर्डर समोर ठेवून घेतलेल्या. रूपाचा अभंग, अभंग, गवळण, गजर, भैरवी असं सगळं आहे. त्यातल्या गवळणींच्या काही चाली त्यांच्या गुरूंकडून आलेल्या. आमच्या पंचक्रोशीबाहेर त्या मी कुठे ऐकलेल्या नाहीत.

बुवा आता ऐंशीच्या पुढे आहेत. गळा राहिला नाही, कान मात्र शाबूत आहे. कुणी चाल चुकवली की लगेच हात वर करतात. ते तपासून द्यायला आहेत तोवर या चाली लिहून व्हाव्यात, एवढीच माझी इच्छा आहे. आमच्या मुलांना सरगम वाचता येते. भाचा रॉटरडॅमला व्हायोलिन शिकतो, त्याला पाच रेघांचं नोटेशन लागतं. एकाच फाइलमधून दोन्ही निघालं तर फार बरं.

मी कॅसेट मोबाइलवर रेकॉर्ड करून ती एमपी-थ्री फाइल ‘बेसिक पिच’ला (आवाजातले स्वर ओळखून मिडी फाइल देणारा प्रोग्रॅम) दिली आणि आलेली मिडी फाइल ‘म्यूझस्कोअर’मध्ये (नोटेशन लिहायचा प्रोग्रॅम) उघडली. एका ध्रुपदाची (पालुपदाची) पानंच्या पानं झाली. बारीक बारीक नोटा, मध्ये विश्रांतीच्या खुणा, एका नोटेतून दुसरीत गेलेल्या कमानी. मूळ चाल सरळ भूप रागातली, म्हणजे कोमल स्वर नसलेली, आणि पडद्यावर कोमल रे नि कोमल ग जागोजाग. पखवाजाच्या थापेलासुद्धा खाली स्वर लावून ठेवलेले.

गळा, पेटी, पखवाज, टाळ असं सगळं एकत्र असलेल्या रेकॉर्डिंगमधून नुसती चाल काढून देणारा एखादा प्रोग्रॅम आहे का? विकत घ्यावा लागला तरी चालेल. की माझी पद्धतच वेगळी हवी?

तानपुरा_मिरज

दादा, तुमची पद्धत वेगळी हवी. तुम्हाला हवं तसं नोटेशन एका झटक्यात देणारा प्रोग्रॅम मला माहीत नाही, पैसे मोजूनही. पण प्रोग्रॅमकडून नेमकं कुठलं काम घ्यायचं ते ठरवलं तर कष्ट खूप वाचतात. माझ्या गुरुजींच्या बंदिशी मी अशाच उतरवल्या आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी कोमल स्वरांचं. मिडी हे १९८३ साली कीबोर्ड एकमेकांना जोडता यावेत म्हणून आलेलं प्रमाण. त्यात स्वर म्हणजे ० ते १२७ मधला एक आकडा. पेटीच्या मधल्या सप्तकातली पांढरी एक म्हणजे ६०, काळी एक म्हणजे ६१. या दोन आकड्यांच्या मधून गळा जातो त्याला मिडीत आकडाच नाही. बुवा ग वरून सा वर मींडेने, म्हणजे स्वर न तोडता घसरत, उतरले की वाटेतली प्रत्येक पट्टी नोंदली जाते: ग, कोमल ग, रे, कोमल रे, सा. तुमच्या भूपात कोमल स्वर आले ते असे. बेसिक पिच मींडेची माहिती पिच-बेंड (स्वर किती सरकला त्याची नोंद) म्हणून मिडीत घालू शकतं, पण नोटेशनच्या पानावर ती उमटत नाही.

आता मूळ कॅसेटकडे या. मोबाइलची फाइल बाजूला ठेवा. चांगला डेक मिळवा, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या आणि डेकमधून तार थेट संगणकाला जोडून वेव्ह फाइल करा, ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झला. टेपची खरखर काढायचा मोह आवरा. ती काढणारे फिल्टर जोरात लावले की कणस्वर (मुख्य स्वराआधी हलके स्पर्शून जाणारे स्वर) आणि शब्दांची व्यंजनं त्यांच्याबरोबर जातात, आणि चाल तर तिथेच असते.

मग टेपचा वेग. घरगुती टेपरेकॉर्डरचा वेग बरोबर असेलच असं नाही, आणि ही गोष्ट बहुतेक जण सोडून देतात. समजा बुवांची पट्टी, म्हणजे त्यांचा सा, काळी एक आहे. पांढरी सहा (ए) ४४० हर्ट्झला लावलेल्या पेटीवर तो सा २७७.२ हर्ट्झ. टेपवर तोच २८५ भरला तर फरक जवळजवळ ४८ सेंट झाला. एक अर्धस्वर म्हणजे १०० सेंट, म्हणजे सा नेमका दोन पट्ट्यांच्या मधोमध येऊन पडला. प्रोग्रॅम मग एकदा या पट्टीकडे ढकलतो, एकदा त्या. तुमच्या पानावरच्या अर्ध्या नोटा यातूनही आलेल्या असू शकतात.

तेव्हा बुवांची जुनी पेटी शिल्लक असेल तर सोनं आहे. त्या काळानंतर तिचे सूर पुन्हा लावून घेतलेले नसतील, तर तिचा सा ट्यूनरवर मोजा आणि टेपवरच्या पेटीच्या सा शी ताडून बघा. जुन्या पेट्या ४४० ला असतीलच असं नाही, म्हणून मोजायचं त्याच पेटीवर. वरच्या उदाहरणात ‘ऑडॅसिटी’त (आवाजाच्या फाइलींवर काम करायचा प्रोग्रॅम) वेग सुमारे २.७ टक्के कमी करावा लागेल. फक्त स्वर बदलणारी सोय वापरू नका. टेप जलद फिरली की स्वर आणि लय दोन्ही चढतात, त्यामुळे उतरवायचीही दोन्ही.

यानंतर ‘डेमक्स’. फुकट आहे, फेसबुकच्या संशोधकांनी केलेलं. एका रेकॉर्डिंगचे ते गळा, तालवाद्यं, बास आणि उरलेलं असे चार भाग करतं. त्याला शिकवलंय पाश्चात्त्य धाटणीच्या गाण्यांवर, त्यामुळे पेटी ‘उरलेलं’मध्ये जाते, झांज थोडी इकडे थोडी तिकडे सांडते. पण गळा वापरण्याजोगा वेगळा होतो. त्या गळ्याच्या फाइलला मिडीत घालू नका. ती ‘टोनी’ किंवा ‘सॉनिक व्हिज्युअलायझर’मध्ये उघडा. दोन्ही लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातली, दोन्ही मोफत. तिथे स्वराची सलग रेघ मिळते. मींड तिरकी दिसते, आंदोलन लाटेसारखं दिसतं, ठेहराव आडवा दिसतो. ‘टोनी’ एका वेळी एकाच आवाजाचा माग काढतं, म्हणून बुवा एकटे गात असतील ते तुकडे निवडा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. भजनात बुवा ओळ सजवून म्हणतात आणि टाळकरी तीच ओळ मागून सरळ म्हणतात. चालीचा सांगाडा तिथे आयता आहे! ख्यालाच्या रेकॉर्डिंगमध्ये मला कधी मिळत नाही अशी ही सोय आहे. टाळकऱ्यांचं ऐकून मुख्य स्वर तुम्ही स्वतः पेटीवर काढा, मात्रेत बसवून म्यूझस्कोअरमध्ये हाताने भरा. तुम्ही पेटीवाले, तुम्हाला हे सहज जमेल. मग रेघ समोर ठेवून बुवांचे कण, मींड, खटके त्या सांगाड्यावर चढवा. ऐकण्यात शंका आली की रेघ साक्षीला असते. यंत्राकडून मी एवढंच काम घेते.

तालासाठी मिडीवर अजिबात विसंबू नका. प्रोग्रॅम एकच लय धरून चालतो आणि चार मात्रांचे खण पाडतो. भजन संथ सुरू होऊन चढत जातं. सॉनिक व्हिज्युअलायझरमध्ये फाइल वाजत असताना कळ दाबून प्रत्येक समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) खूण करता येते. तेवढ्या खुणा मारल्या की आठ मात्रांचं आवर्तन कुठे सुरू होतं याचा घोळ राहत नाही.

पाचरेघा_मडगाव

वरचं उत्तर वाचून आनंद झाला. भाच्याच्या व्हायोलिनबद्दल थोडं मी घालतो.

आमच्या गोव्यात चर्चच्या शाळांमधून पोरांना पिढ्यान्‌पिढ्या स्टाफ नोटेशन शिकवलं गेलं, आणि तिथून शिकलेली माणसं मुंबईच्या सिनेमासंगीतात गेली. शंकर-जयकिशनांचे अरेंजर सेबॅस्टियन डिसोझा, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. संगीतकार पेटीवर चाल गाऊन दाखवायचा आणि अशा माणसांच्या हातून ती वाद्यवृंदासाठी पाच रेघांवर उतरायची. तुम्हाला करायचंय ते हेच काम. माझ्या मते पानावर मुख्य स्वर ठसठशीत असावेत आणि हरकती वाजवणाऱ्याला दिसतील तेवढ्याच असाव्यात. प्रत्येक हरकतीचे बत्तिसाव्या भागाचे स्वर लिहिलेत तर मुलगा नोटा मोजत बसेल, गवळण वाजणार नाही. कणस्वराला छोटी ग्रेस नोट, मींडेला ग्लिसँडोची रेघ, एका श्वासात येणाऱ्या स्वरांवर स्लर.

पट्टी: काळी एकमध्ये लिहून पाठवू नका, त्यात सात शार्प येतात किंवा पाच फ्लॅट. त्याच्या व्हायोलिनच्या मोकळ्या तारा जी, डी, ए, ई. सा डी वर धरलात तर सा आणि प दोन्ही मोकळ्या तारांवर मिळतात. म्यूझस्कोअरमध्ये सगळं पान एका आज्ञेत दुसऱ्या पट्टीत जातं.

फाइल म्यूझिक-एक्सएमएलमध्येही (नोटेशन एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात न्यायचा फाइल-प्रकार) जपून ठेवा. मिडीला ६१ एवढंच कळतं, तो सी शार्प की डी फ्लॅट ते कळत नाही. शब्द, कमानी, खण म्यूझिक-एक्सएमएलमध्ये नीट राहतात आणि दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडतात. फिनाले हा नोटेशनचा किती जुना, किती वापरातला प्रोग्रॅम, पण २०२४ मध्ये त्याच्या कंपनीने तो पुढे बनवणं थांबवलं. ज्यांचं आयुष्यभराचं काम फक्त त्याच्या फाइलींमध्ये होतं, त्यांना ते सगळं बाहेर काढायला बसावं लागलं.

अक्षरखूण

सरगमसाठी एक सोय सांगते. म्यूझस्कोअरमध्ये स्वरांखाली गाण्याचे शब्द लिहायच्या ओळी असतात. पहिल्या ओळीत अभंगाचे शब्द, दुसरीत सरगम. दोन्ही एकाच फाइलमध्ये राहतात.

भातखंडे पद्धतीच्या (सरगम लिहायची रूढ पद्धत) खुणा युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या प्रमाण संचात, आहेत. कोमलसाठी खालची आडवी रेघ म्हणजे वेदपाठातली अनुदात्ताची खूण: रे॒ ग॒ ध॒ नि॒. तीव्र मध्यमाला डोक्यावरची उभी रेघ, तीही वैदिक खुणांमध्येच मिळते: म॑. तार सप्तकाला वर टिंब, मंद्राला खाली नुक्ता. काही फाँटमध्ये रेघ अक्षराला चिकटते, म्हणून एक पान छापून बघा आणि मग पुढे जा. मात्रेत जोडलेल्या स्वरांखालची चंद्रकोर मात्र म्यूझस्कोअरच्या त्या ओळीत नीट येत नाही. मुलांसाठी वही छापणार असाल तर सरगमेचा वेगळा तक्ता करावा लागेल, सम, टाळी आणि खालीच्या खुणांसह.

पेटी_कुडाळ

सगळ्यांचे मनापासून आभार. बुवांची पेटी देवळाच्या माडीवर होती. मधला सा मोजला, टेप खरोखरच जलद निघाली. वेग उतरवल्यावर ‘टोनी’तली रेघ सा वर अशी स्थिर बसली की घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवली.

टाळकऱ्यांची युक्ती तर कायमची लक्षात राहील. एका गवळणीचं ध्रुपद त्यावरून काढलं आणि बुवांना पेटीवर वाजवून दाखवलं. त्यांनी एकाच ठिकाणी थांबवलं. नि वर मी सरळ उभा राहत होतो, तिथे ध चा कण हवा म्हणाले. घरी येऊन रेघ पाहिली तर खालून वर आलेलं टोक स्पष्ट दिसतंय. कान देऊन ऐकूनही ते माझ्याकडून निसटलं होतं.

आता एक अडचण उरली. कडव्याची ओळ बुवा दर वेळी वेगळी घेतात. कधी प वरून उचलतात, कधी थेट तार सा वरून. विचारलं तर ‘दोन्ही बरोबर’ म्हणतात. लिहायची कुठली?

तानपुरा_मिरज

दोन्ही लिहा, दादा. मुख्य ओळ ती धरा जिच्यामागून टाळकरी न अडखळता उचलतात. मंडळाच्या कानात तीच बसलेली असते. दुसरी तिच्याखाली, ‘किंवा’ असं लिहून, त्याच मात्रेपासून सुरू करून. भातखंड्यांच्या वहीत मावणार नाही इतके पर्याय निघाले, तर प्रत्येक पर्यायाशेजारी कॅसेटचं नाव आणि मिनिट-सेकंद लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला मूळ आवाज लगेच काढता येईल.

आणि बुवा ‘दोन्ही बरोबर’ म्हणतात तेव्हा मोबाइल सुरू ठेवत जा. प वरून कधी उचलायचं आणि तार सा वरून कधी, हे त्यांनी एखाद्या वेळी बोलता बोलता सांगितलं तर ते त्या ओळीच्या शेजारी त्यांच्याच शब्दांत लिहा.