प्रति: जहाजावर आरडी म्हणजे फुकट जगप्रवास?

वर कोणीतरी लिहिलंय की सेमिस्टर ॲट सीवर (कॉलेजची पोरं जहाजावर शिकत जग फिरतात तो कार्यक्रम) रेसिडेंट डायरेक्टर, म्हणजेच आरडी, होणं म्हणजे हॉस्टेलच्या रेक्टरचंच काम, वर जगप्रवास फुकट. मला हे नाही पटत. मी आधी अमेरिकेत कॅम्पसवर हेच काम केलंय, तिथे रूममेटशी वाजलं की पोरं वीकेंडला घरी नाहीतर मैत्रिणीकडे जातात, जहाजावर जाणार कुठे, पुढचे आठ दिवस चहूकडे पाणीच.

आणि घड्याळाबद्दल अजून कोणीच बोललं नाहीये. जहाज पूर्वेकडे चाललं की दर थोड्या दिवसांनी रात्रीतून घड्याळ एक तास पुढे करतात, पॅसिफिकसारखा मोठा टप्पा असेल तर हे पुन्हा पुन्हा होतं आणि प्रत्येक वेळी झोपेतला तास जातो. त्यात समुद्रात रविवार नसतो, ए डेला काही विषय, बी डेला बाकीचे, असे आलटून पालटून रोज क्लास, सुट्टी काय ती बंदरात. झोपेतला असा तिसरा-चौथा तास गेला की पोरं अक्षरशः रडकुंडीला येतात. रात्री दीडला दार वाजवून एक मुलगी नुसती रडत बसली होती, कारण तिलाही सांगता येईना. मी चहा केला, सकाळपर्यंत बसले तिच्याजवळ. नंतर घड्याळ बदलायच्या रात्री मी माझ्या मजल्यावर दहानंतर कुठलाच कार्यक्रम ठेवला नाही, आणि खरंच भांडणं कमी झाली.