मदत हवी आहे: माइकमध्ये जरा जोरात बोललं की सेट बंद पडतो

पाथर्डीफाटा_४० (गुरुवार, रात्री ९.४२)

मंडळी, तीन दिवस झाले, डोकं फिरलंय. घरी हॅम रेडिओचा एचएफ, म्हणजे शॉर्टवेव्हवर बोलायचा, सेट लावला. चाळीस मीटरच्या बँडवर (७ मेगाहर्ट्झ) ऐकू झकास येतंय, दुपारी पुणे, सातारा, हुबळी सगळं स्वच्छ. पण पीटीटी, म्हणजे माइकचं बटण, दाबून बोलायला लागलो की सेट बंद. हळू बोललं तर चालतो. आवाज चढवला की आतून एक 'टक्', स्क्रीन काळी, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून पॉवर किती परत येते त्याचं माप) १.३ आहे, म्हणजे अँटेना ठीक आहे. रविवारी सकाळी पुण्याच्या एका काकांशी बोलायचं ठरलंय, त्याआधी हे सुटलं पाहिजे. सेट दुरुस्तीला पाठवावा लागेल का? कृपया लवकर सांगा.

सातपूर_शिफ्ट (९.५५)

सेट किती वॅटचा? कशावर चालवताय, बॅटरीवर की सप्लायवर? अँटेना कोणती? कोॲक्स, म्हणजे अँटेनाची केबल, किती लांब? यातलं काहीच लिहिलं नाहीत. लोक अंदाजाने सांगतील आणि तुमचा रविवार जाईल.

एरियल (१०.०३)

हा आरएफ फीडबॅक आहे, म्हणजे सेटमधून निघालेली रेडिओ पॉवर (आरएफ) उलटी सेटमध्येच शिरतेय, दुसरं काही नाही. डायपोलला (मधोमध कापलेल्या तारेच्या अँटेनाला) बलून, म्हणजे कोॲक्स आणि अँटेना यांच्यामधला जोड, लावलेला नसणार. मग कोॲक्सच्या जाळीच्या बाहेरच्या अंगावरून आरएफ घरात उतरते आणि माइकच्या वायरीत, सप्लायमध्ये, जिथे वाट मिळेल तिथे शिरते. गंगापूर रोडला माझ्याकडे नेमकं हेच झालं होतं. मी बोलायला लागलो की कॉम्प्युटरचा माउस जागच्या जागी थिजायचा. ३१ नंबरच्या फेराइटच्या रिंगवर कोॲक्सचे दहा-बारा फेरे घेतले, तो चोक फीडपॉइंटला, म्हणजे कोॲक्स अँटेनाला जुळतो तिथे, टांगला, त्यानंतर आजवर त्रास नाही.

आणि १.३ वर विसंबू नका. एसडब्ल्यूआर उत्तम असतानाही कॉमन मोड करंट, म्हणजे जाळीच्या बाहेरून उतरणारा हा करंट, असू शकतो. शिवाय पावसाळ्यात गच्चीवरच्या पीएल-२५९ कनेक्टरमधून कोॲक्समध्ये पाणी गेलं तर खाली घरात मीटरवर एसडब्ल्यूआर उलट सुधारलेला दिसतो, कारण परत येणारी पॉवर वाटेतच जिरते. जोडावर रबरी सेल्फ-अमल्गमेटिंग टेप आहे का?

पाथर्डीफाटा_४० (१०.१५)

बलून नाही. डायपोल इनव्हर्टेड व्ही, म्हणजे उलट्या व्हीसारखा, आहे, सोसायटीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला बांधलेल्या पाइपवर. १४३ भागिले ७.१ (मेगाहर्ट्झ) करून २० मीटरच्या वर थोडी तार घेतली, मधोमध कापली. कोॲक्स आरजी-५८, साधारण २२ मीटर, तिसऱ्या मजल्यापर्यंत. टेप साधी, काळी. सेट १०० वॅटचा, सेकंडहँड, ओळखीतून घेतलेला. सप्लाय १२ व्होल्टचा आहे. बास, एवढंच आहे.

जुना_ट्रान्सफॉर्मर (१०.२८)

"सप्लाय १२ व्होल्टचा आहे" यातून काय समजायचं? ट्रान्सफॉर्मरवाला की एसएमपीएस, म्हणजे हलका स्विचिंगवाला? किती अँपिअर? एसएमपीएस असेल तर आधी तो काढा. माझ्याकडे लिनिअर सप्लाय आहे, भलामोठा ट्रान्सफॉर्मर, अंगठ्याएवढे कपॅसिटर, दोन हातांनी उचलावा लागतो. पंचवीस वर्षं झाली, एकदाही मान टाकली नाही आणि बँडवर कसला आवाज नाही.

सातपूर_शिफ्ट (१०.३६)

असं सरसकट म्हणू नका. फिल्टर नीट असलेला एसएमपीएस वापरून जगभर लोक बोलतात. सीसीटीव्हीसाठी मिळतात ते जाळीच्या पत्र्याचे स्वस्त डबे वाईट, एवढं मान्य.

जुना_ट्रान्सफॉर्मर (१०.४१)

चांगला आणि स्वस्त यातला फरक नवख्याला बाहेरून कसा कळणार? म्हणून म्हणतो, लिनिअर घ्या आणि शांत झोपा.

नवखा_पंचवटी (१०.५०)

मधेच विचारतो, माफ करा. मला हे सुरू करायचंय. एखादा चिनी हँडी (हातात धरायचा सेट) घेतला की लगेच बोलता येतं का? मुलगी अकरा वर्षांची आहे, तिलाही आवड आहे.

देवळाली_कॅम्प (११.०२)

नाही, बोलायला लायसन्स लागतं. केंद्र सरकारच्या डब्ल्यूपीसी विभागाची परीक्षा असते, तिच्यात रेडिओचा सिद्धांत आणि नियम असे दोन भाग. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स लागत नाही, जनरलला लागतं, मिनिटाला ८ शब्द. वयाची अट १२ पूर्ण, म्हणजे मुलीला वर्षभर अभ्यासाला मिळतंय. तिला आत्तापासून मोर्स कानावर पडू द्या. टिंब-रेघा पाठ करायला लावू नका, आवाज म्हणूनच ओळखू दे.

हे खेळणं नाही, हे तिला आवर्जून सांगा. २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद हॅम मंडळींसोबत अंदमानात होत्या. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन गेले, तेव्हा पोर्ट ब्लेअरहून त्यांच्या सेटवरून निरोप मुख्य भूमीवर पोचत होते. आपल्याकडे सिंहस्थ येतोय. पर्वणीच्या गर्दीत मोबाइलला रेंज मिळत नाही हे आपण पाहिलंय. तेव्हा नाशिकमध्ये चालू सेट किती असतील, याची मला खरोखर काळजी आहे.

नवखा_पंचवटी (११.०९)

मनापासून आभार, काका. तिला उद्याच सांगतो.

पाथर्डीफाटा_४० (११.११)

लोकहो, माझं काय? लायसन्स आहे माझ्याकडे, जनरल ग्रेड. सप्लाय एसएमपीएसच आहे, ३० अँपिअर लिहिलंय. सेटला २३ लागतात, मग तो पुरायलाच हवा ना? उद्या चोकसाठी फेराइट शोधू की नवा सप्लाय घेऊ? दोन्हीला पैसे नाहीत.

तांब्याची_तार (११.३०)

काहीच विकत घेऊ नका. आधी संशयित वेगळे करा. एरियल म्हणतात आरएफ, ट्रान्सफॉर्मरकाका म्हणतात सप्लाय. दोन्ही शक्य आहे, पण लक्षणं दोघांची सारखीच दिसतात.

सेटची अँटेना काढा आणि तिथे डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा रेझिस्टर, लावा. मग त्याच आवाजात बोला. डमी लोडवर आरएफ हवेत जवळजवळ जातच नाही. तरीही सेट मेला तर फीडबॅकचा विषय संपला.

मग पॉवर २० वॅटवर आणून बोला. चालला तर दोष करंट जिथून येतो त्या वाटेवर आहे.

आता मुख्य माप. मल्टीमीटर सप्लायच्या टर्मिनलवर लावू नका, सेटच्या पाठीमागे डीसी प्लग आहे तिथे लावा. आणि एसएसबीत, म्हणजे नेहमीच्या बोलायच्या मोडमध्ये, बोलून बघू नका. आवाजाचा झटका क्षणभराचा असतो, साध्या मीटरला तो पकडता येत नाही. डमी लोड लावलेला असतानाच एफएम मोड करा, पूर्ण पॉवर ठेवा आणि पीटीटी दोन-तीन सेकंद दाबा. सलग कॅरिअर (एकसारखी लहर) जातो, मीटरचा आकडा स्थिरावतो. नंतर तेच माप सप्लायपाशी घ्या. दोन्ही आकडे इथे लिहा, आणि सप्लाय ते सेट वायर कोणती, किती लांब, तेही लिहा. हे अजून कुणी विचारलेलंच नाही.

पाथर्डीफाटा_४० (११.३८)

डमी लोड नाही माझ्याकडे.

तांब्याची_तार (११.४४)

१ किलोओहमचे, २ वॅटचे २० कार्बन रेझिस्टर समांतर जोडा. ५० ओहम आणि ४० वॅट झाले. १०० वॅटला दोन-तीन सेकंद निघतात, नंतर थंड होऊ द्या. शालिमारच्या बाजूला दुकानात मिळाले तर बघा. फक्त वायरवाउंड घेऊ नका, ती आतून कॉइलच असते.

एरियल (११.४७)

सोल्डरिंग करत बसू नका. माझा डमी लोड पडून आहे, उद्या संध्याकाळी सहानंतर कॉलेज रोडला येऊन घेऊन जा, व्यक्तिगत निरोप (व्यनि) करतो. पण माझं मत कायम आहे.

पाथर्डीफाटा_४० (शुक्रवार, रात्री ९.२०)

एरियल दादांकडून आणला, चहाही झाला. आता आकडे.

डमी लोडवरही सेट बंद पडतो. २० वॅटला मस्त चालतो, ओरडलं तरी. एफएमवर पूर्ण पॉवरला सप्लायपाशी १२.० चे ११.८ झाले. सेटच्या मागे ९.८ दिसले आणि लगेच स्क्रीन गेली. दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा तेच.

वायर म्हणाल तर घराच्या वायरिंगमधली उरली होती ती, दीड चौरस मिलिमीटर. सप्लायच्या पंख्याचा आवाज नको म्हणून तो कपाटामागे ठेवलाय, तिथून टेबलापर्यंत चार मीटर. सेटबरोबर आलेली जाड लाल-काळी वायर आखूड पडत होती, म्हणून डब्यात ठेवून दिली. हे लिहावंसं वाटलं नाही कारण वायर नवी आहे, आयएसआयची.

तांब्याची_तार (९.४१)

सापडलं. दीड चौरसच्या तांब्याचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम. तुमची चार मीटर, पण करंट जातो आणि परत येतो, म्हणून आठ मीटर धरा. ०.०९७ ओहम झाले. २१ अँपिअरला त्यात २ व्होल्ट जातात. ११.८ वजा २ म्हणजे ९.८, तुमच्या मीटरवर आलं तेच. असे सेट १३.८ व्होल्टला बनवलेले असतात, अधिक-उणे १५ टक्के, म्हणजे खाली ११.७ पर्यंत. तुम्ही त्याला १२ वर ठेवून सुरुवातच काठावर केलीत. हळू बोललात की करंट कमी, म्हणून चालतो. जोरात बोललात की व्होल्टेज कोसळतं आणि प्रोसेसर रीसेट होतो. सेटला काहीही झालेलं नाही.

वायरवर दीड चौरसला इतके अँपिअर चालतात असं लिहिलेलं असतं, ते ती तापण्यापुरतं. २३० व्होल्टमधले २ गेले तर ट्यूबलाइटला कळतही नाही, १२ मधले २ गेले तर सेट मरतो.

आता करायचं असं. सप्लाय टेबलाखाली आणा, डब्यातली मूळ वायर काढा आणि तिच्यातले फ्यूज काढून टाकू नका. लांब वायर लागलीच तर ६ चौरस घ्या, आठ मीटरला अर्धाच व्होल्ट जातो. सप्लायच्या टर्मिनलशेजारी छोटा स्क्रू असेल, सेट सोडवून ठेवा आणि मीटर बघत तो १३.८ वर आणा. शेजारीच २३० व्होल्टचे उघडे टर्मिनल असतात. प्लॅस्टिकच्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर आणि एकच हात, दुसरा खिशात.

जुना_ट्रान्सफॉर्मर (९.५२)

हिशोब बरोबर आहे. पण माझा लिनिअर असता तर पहिल्या दिवसापासून १३.८ असता.

सातपूर_शिफ्ट (९.५५)

काका, त्याच दीड चौरसच्या चार मीटरवर तुमचाही ११.८ झाला असता.

जुना_ट्रान्सफॉर्मर (१०.०१)

जेमतेम चालला असता. असो, वायरचं मान्य.

एरियल (१०.१०)

या खेपेला माझं चुकलं. तरी चोक लावाच. आज पॉवर कमी पडत होती, उद्यापासून पूर्ण १०० वॅट जातील, तेव्हा सोसायटीत कुणाची डोअरबेल वाजायला नको. एकदा तक्रार गेली की गच्चीची परवानगी परत मिळवणं फार अवघड असतं, मी त्यातून गेलोय. साधी काळी टेपही बदला.

द्राक्षबाग_निफाड (१०.२५)

आमच्याकडे हे सगळं टाळलंय. ट्रॅक्टरची जुनी बॅटरी, त्यावर सेट. बागेत वीज रात्रीची येते, दिवसा चाळीस मीटर इतका शांत असतो की कुजबुजही ऐकू येते.

सातपूर_शिफ्ट (१०.३१)

भरलेली बॅटरीसुद्धा १२.६-१२.७ च असते हो. वायर आखूड आणि जाड असेल तरच.

पाथर्डीफाटा_४० (रविवार, सकाळी १०.५०)

काल रात्री सगळं सोडवलं. जुनी वायर काढताना दिसलं, मधे मी जो काचेच्या फ्यूजचा होल्डर घातला होता त्याचं प्लॅस्टिक एका बाजूने तपकिरी होऊन बसलंय आणि स्प्रिंग आत रुतलीय. नखाने ओरखडलं तर पापुद्रा निघाला. हे कपाटामागे, लाकडाला टेकून होतं. बायकोला दाखवलं, तिने तो होल्डर सरळ कचऱ्यात टाकला.

मूळ वायर, १३.८ व्होल्ट. पूर्ण पॉवरला सेटच्या मागे १३.४.

सव्वानऊला पुण्याचे काका मिळाले, पाच-नऊ, म्हणजे आवाज स्पष्ट आणि जोरदार, असा रिपोर्ट दिला. वीस मिनिटं बोललो, एकदाही टक् नाही. तांब्याची_तार, तुमच्यामुळे सेट मुंबईला जायचा वाचला. एरियल दादा, डमी लोड मंगळवारी आणून देतो, आणि चोकचे फेरे कसे घ्यायचे ते तिथेच दाखवा.

एक राहिलं. संध्याकाळी सात वाजले की सेटच्या सिग्नल मीटरवर एस-९ पर्यंत घरघर येते, रात्री अकराला आपोआप जाते. हे कशामुळे?

द्राक्षबाग_निफाड (११.०५)

सेट बॅटरीवर घ्या, घराचा मेन एमसीबी पाडा. घरघर राहिली तर शेजारी. सातला सुरू, अकराला बंद, म्हणजे कुणाचे तरी एलईडी दिवे असावेत. जुना ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर रिकाम्या जागी लावा आणि जिन्यातून हिंडा, जिथे आवाज चढेल तिथे थांबा.

सातपूर_शिफ्ट (११.१२)

त्यासाठी नवा धागा काढा. आणि या वेळी सगळं आधीच लिहा.