डीसी-३ने इंदूर–भोपाळ : जीपीएसशिवाय भोपाळ सापडत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

फ्लाइट सिम्युलेटरवर जुनी विमानं उडवणारं इथे कुणी असेल तर मार्गदर्शन हवं आहे. मी इंदूरला राहतो. टाटांनी १९३७ मध्ये मुंबई–दिल्ली विमानसेवा सुरू केली, ती इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर या मार्गे जायची. तो मार्ग टप्प्याटप्प्याने उडायचा असं मी ठरवलंय. डीसी-३ (दोन पिस्टन इंजिनांचं जुनं प्रवासी विमान) नागरी वाहतुकीत आपल्याकडे आलं दुसऱ्या महायुद्धानंतर, त्यामुळे काळ तंतोतंत जुळत नाही याची कल्पना आहे. पण हे विमान मला मनापासून आवडतं, आणि हा मार्ग त्याच्याच कॉकपिटमधून शिकायचा आहे. अट एकच : जीपीएस नाही, हलता नकाशा नाही. कागदी नकाशा, घड्याळ, होकायंत्र, बस.

आमच्या विमानतळावरून, म्हणजे बिजासन टेकडीजवळून निघालं की भोपाळ सरळ रेषेत साधारण ९१ नॉटिकल मैल आणि दिशा ०६८ (उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजलेले अंश) येते. चुंबकीय फरक (खरी उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांतला) आपल्या भागात अंशभराच्या आतबाहेर, म्हणून सोडून दिला. उंची ७,५०० फूट, वेग १३० नॉट (तासाला तितके नॉटिकल मैल), म्हणजे ४२ मिनिटं. ऑटोपायलटला ०६८ दिलं, घड्याळ लावलं. ४२ मिनिटांनी खाली बघावं तर मोठा तलाव नाही, शहर नाही. एक नदी आणि झाडीने भरलेले डोंगर. नंतर नकाशाशी ताडून पाहिलं तर ती बेतवा, भोजपूरच्या आसपासची. म्हणजे भोपाळ मागे डावीकडे राहिलं होतं. हवामान मी स्वतः सेट केलं होतं, वारा ३३० वरून २० नॉट. पुन्हा उडलो तरी विमान दक्षिणेलाच जातं. एवढं सगळं निव्वळ वाऱ्यामुळे होतं का? आणि वाटेत हे लक्षात कसं यावं?

दुसरं, धावपट्टीवर विमान डावीकडे भयंकर ओढतं. माझ्याकडे पेडल नाहीत, मूठ पिळून रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारं शेपटीचं सुकाणू) देणारी साधी जॉयस्टिक आहे.

तिसरं, हाच मार्ग नंतर ट्विन ऑटरने (दोन टर्बोप्रॉप इंजिनांचं छोटं विमान) करायचाय. तिथे इंजिन सुरू करतानाच तापमानाचा काटा लाल रेषेपार जातो. टर्बोप्रॉपचं, म्हणजे टर्बाइनवर पंखा फिरवणाऱ्या इंजिनाचं, नक्की काय वेगळं असतं, हे कुणी साध्या भाषेत सांगेल का?

—

प्रतिसाद :

मी बडोद्याचा, सिमवर बरीच वर्षं जुनीच विमानं उडवतोय. तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण आकडे सगळे दिलेत. त्यामुळे उत्तरही देता येतं.

तुमच्याकडे तीन गोष्टी एकाच बाजूला साठताहेत. पहिली वेगाची. १३० हा काट्यावरचा वेग. हवा विरळ होत जाते तसा खरा वेग त्याहून जास्त असतो, ढोबळमानाने दर हजार फुटांना २ टक्के. ७,५०० फुटांवर तुम्ही १५० नॉटच्या आसपास होतात. म्हणजे भोपाळ ४२ नाही, ३६-३७ मिनिटांतच आलं. उरलेली पाच मिनिटं तुम्ही पुढे निघून गेलात.

दुसरा वारा. ३३० वरून येणारा वारा ०६८ च्या उड्डाणाला जवळजवळ काटकोनात, डावीकडून लागतो. २० भागिले १५० आणि गुणिले ६० केलं की ८ अंश. नाक ८ अंश डावीकडे, म्हणजे ०६० वर ठेवायला हवं होतं. ते न केल्यास ९१ मैलांत सुमारे १२ मैल उजवीकडे, म्हणजे दक्षिणेला सरकणं आलंच.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही : जायरो, म्हणजे फिरत्या चकतीवर चालणारा दिशादर्शक. सेटिंगमध्ये जायरो ड्रिफ्ट चालू असेल तर बघा. जायरो अवकाशात आपली दिशा धरून राहतो आणि पृथ्वी खाली फिरत असते. हा फरक तासाला १५ अंश गुणिले अक्षांशाचा साइन इतका, म्हणजे आपल्या २३ अक्षांशावर तासाला जवळपास ६ अंश. उत्तर गोलार्धात खऱ्या विमानाचा जायरो हळूहळू कमी दाखवायला लागतो. काट्यावर ०६८ धरून ठेवलं तरी नाक उजवीकडेच जात राहतं. डीसी-३चा जुना स्पेरी ऑटोपायलट त्याच जायरोचं ऐकतो, त्यामुळे तो इमानदारीने तुम्हाला चुकीकडे नेतो. दर दहा-पंधरा मिनिटांनी जायरो होकायंत्राशी जुळवून घ्या, आणि ते विमान सरळ, समतल, स्थिर वेगात असतानाच. वळताना किंवा वेग बदलताना होकायंत्र स्वतःच भरकटतं.

आता वाटेत कसं कळावं. तुमच्या रेषेवर खुणा छान आहेत. देवास डावीकडे बरंच लांब, आठेक मैलांवर राहतं, त्याच्या भरवशावर राहू नका. सोनकच्छ धरा. काली सिंधच्या काठचं गाव, मोठा रस्ता नदी ओलांडतो तिथे. ते तुमच्या डावीकडे तीनेक मैलांवर यायला हवं, निघाल्यापासून तेरा-चौदा मिनिटांत. ते सात-आठ मैलांवर दिसलं तर समजा ३३ मैलांत साडेचार मैल घसरलात. साठाचा नियम (६० मैलांत १ मैल घसरण म्हणजे १ अंश) लावा : ४.५ भागिले ३३ गुणिले ६०, म्हणजे ८ अंश घसरण. उरलेल्या ५८ मैलांत परत रेषेवर यायला आणखी ५. एकूण १३ अंश डावीकडे वळा. कॅल्क्युलेटर लागत नाही, तोंडी होतं. पुढे रस्ता तुमच्या खालून डावीकडून उजवीकडे जातो आणि आष्टा उजव्या हाताला दोनेक मैलांवर, पार्वतीच्या काठी दिसतं. सीहोर जवळजवळ पायाखालीच.

हवा धूसर असेल तर जुने लोक करायचे ते करा. मुद्दाम दहा अंश डावीकडे नेम धरा. उज्जैन–भोपाळ रेल्वेमार्ग लागेल, शुजालपूरवरून सीहोरकडे येणारा. रूळ दिसले की उजवीकडे वळून ते धरायचे. बैरागडपाशी विमानतळ डावीकडे, तलाव उजवीकडे. नेम बरोबर मधोमध धरला आणि चुकला, तर कुठल्या बाजूला चुकला हेच कळत नाही. मुद्दाम एका बाजूला धरला की वळायचं कुठे हे आधीच ठरलेलं असतं.

—

प्रतिसाद :

धावपट्टीबद्दल थोडं. दोन्ही पंखे एकाच दिशेने फिरतात आणि शेपूट खाली असताना उजव्या बाजूचं पातं जास्त ओढतं, म्हणून डावीकडे खेच येते. धावपट्टीच्या मध्यरेषेवर उभं राहून थोडं पुढे सरका, शेपटीचं चाक सरळ झालं की टेलव्हील लॉक लावा. मग थ्रॉटल हळूहळू. टेकऑफला ४८ इंच मॅनिफोल्ड प्रेशर (सिलिंडरकडे जाणाऱ्या हवेचा दाब) आणि २,७०० आरपीएम ही कमाल आहे, पण तिथपर्यंत सावकाश पोचायचं. उजवा रडर ओढ जाणवल्यावर नव्हे, आधीच थोडा द्यावा. जॉयस्टिकच्या रडरला सेटिंगमध्ये मधल्या भागात संवेदनशीलता कमी करून बघा; पेडल नसलेल्यांना त्याने फार फरक पडतो.

आणि पॉवर वाढवताना आधी आरपीएम, मग मॅनिफोल्ड प्रेशर; कमी करताना उलट. कमी आरपीएमवर थ्रॉटल पुढे ढकलला की सिलिंडरवर ताण येतो.

अवांतर : हा मार्ग झाला की नागपूर नक्की करा. १९४९ मध्ये रात्रीची टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून विमानं रात्री नागपूरला यायची, तिथे टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल व्हायची आणि सगळी परत फिरायची. डाकोटासाठी, म्हणजे डीसी-३साठी, याहून सुंदर रात्र नाही.

—

प्रतिसाद :

ट्विन ऑटरला पीटी-६ इंजिन आहे. यात पंखा आणि गॅस तयार करणारा भाग यांना जोडणारा दांडा नसतो. मधे फक्त गरम वायूचा झोत. पवनचक्की वाऱ्यावर फिरावी तसा पंख्याचा टर्बाइन त्यावर फिरतो. म्हणून लिव्हर पुढे केला की जोर थोडा उशिरा येतो. उतरताना हे लक्षात ठेवा, धावपट्टी समोर आल्यावर पॉवर मागाल तर उशीर झालेला असतो.

तापमानाचं कारण बहुधा इंधन लवकर देणं. स्टार्टर लावा आणि एनजीचा (गॅस तयार करणाऱ्या भागाच्या वेगाचा) काटा १२ टक्क्यांच्या वर जाऊन स्थिरावेपर्यंत थांबा. मगच फ्युएल लिव्हर. हवा पुरेशी वाहत नसताना इंधन पेटलं तर उष्णता बाहेर जायला वाट नसते. काटा तरीही झपाट्याने चढला तर इंधन बंद करा आणि स्टार्टर चालूच ठेवा, म्हणजे हवेने आतलं थंड होतं.

मॅनिफोल्ड प्रेशर विसरा. खाली असताना टॉर्कची (पंख्याच्या दांड्यावरच्या पिळाची) मर्यादा आधी गाठली जाते, वर गेल्यावर तापमानाची. म्हणून चढताना नजर टॉर्कवरून हळूहळू टी-५ च्या, म्हणजे इंजिनाच्या तापमानाच्या, काट्याकडे न्यायची. मिक्श्चर (इंधन-हवेचं प्रमाण ठरवणारा लिव्हर) नाही, काउल फ्लॅप (इंजिन थंड ठेवणाऱ्या झडपा) नाहीत. त्या बाबतीत डीसी-३पेक्षा कितीतरी सोपं आहे.

—

धागाकर्ता :

सगळ्यांचे मनापासून आभार. बडोद्याच्या दादांनी सांगितलं तसं ०६० धरलं, जायरो दर दहा मिनिटांनी जुळवला. सोनकच्छचा पूल डावीकडे दिसला, तीन मैलांहून किंचित लांब, म्हणून आणखी दोन अंश डावीकडे घेतले. आष्ट्याला रस्ता उजवीकडे गेला. सीहोरनंतर तलाव चमकला तेव्हा घड्याळात पस्तीसावं मिनिट चालू होतं. जीपीएसवर शेकडो मैल उडूनही हा आनंद कधी मिळाला नव्हता. जायरोचं गणित मी आमच्या घरच्या बारावीतल्या मुलीला दाखवलं, साइन कुठे लागतो म्हणून ती नेहमी विचारायची.

आता भोपाळ–ग्वाल्हेर. १८७ मैल, दिशा ०१५, सव्वा तास. अशोकनगर बरोबर रेषेवर येतं, गुना–बीना रेल्वेमार्ग तिथेच आडवा जातो, ती खूण पक्की केली. त्याच्या पुढे शिवपुरी बरीच पश्चिमेला राहते. सिंध नदीवरचा मडीखेडा जलाशय आठेक मैल डावीकडे येतो, तो धूसर हवेत दिसेल का? त्या पट्ट्यात याहून जवळची, वरून ओळखू येईल अशी खूण ग्वाल्हेर-शिवपुरीकडच्या कुणाला माहीत असेल तर कृपया सांगा.