केमोनंतर गाठ हाताला लागेनाशी झाली, तरी एमआरआय कशासाठी?

कागलकर:
माझ्या आईच्या डाव्या स्तनात साडेचार सेंटिमीटरची कर्करोगाची गाठ निघाली आणि शस्त्रक्रियेआधी केमोथेरपी देण्याचे ठरले. उपचार कोल्हापुरातच चालू असून चार सायकल पूर्ण झाल्या आहेत. गाठ आता हाताला जवळजवळ लागत नाही, सोनोग्राफीतही ती बरीच लहान दिसते. तरीही डॉक्टरांनी कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट दिसावे म्हणून शिरेतून द्यायचे औषध) देऊन स्तनाचा एमआरआय करायला सांगितला आहे. आमच्या मामांचे म्हणणे असे की, त्यापेक्षा थेट पेट-सीटी करावे, म्हणजे एकदाच सगळे कळेल. एमआरआयमधून वेगळे काय समजणार आहे, हे जाणकारांनी सांगावे.

शाहूपुरीतील रेडिऑलॉजिस्ट:
केमोनंतर गाठीच्या जागी व्रणासारखी घट्ट ऊती उरू शकते आणि तिच्यात जिवंत पेशी आहेत की नाहीत, हे बोटांना सांगता येत नाही. गाठीने स्वतःसाठी वाढवलेल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, त्यामुळे गॅडोलिनियमचे कॉन्ट्रास्ट तिथे झपाट्याने शिरते आणि बहुधा तितक्याच झपाट्याने बाहेर पडते; औषध लागू पडले की हा वेग मंदावतो, कधी कधी आकार घटण्याच्याही आधी. याच तपासणीतील डिफ्यूजन या भागात पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजली जाते. पेशी दाटीवाटीने असतील तर ती अडते, पेशी मरू लागल्या की मोकळी होते.

मापाबाबतही एक सांगतो. गाठींनी उपचारांना दिलेला प्रतिसाद मापावरून ठरवण्याच्या रेसिस्ट या निकषानुसार सर्वांत लांब व्यास किमान 30 टक्के घटला तर अंशतः प्रतिसाद मानतात. म्हणजे तुमच्या आईंच्या बाबतीत 45 मिलिमीटरचे साडेएकतीस किंवा त्याहून कमी व्हायला हवे. परंतु गुळाचा खडा पाण्यात कधी चोहोबाजूंनी झिजतो, तर कधी फुटून त्याचे कण जागच्या जागी विखुरतात. गाठीचेही तसेच आहे, आणि दुसऱ्या प्रकारात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर तेवढेच राहून व्यास फसवतो. म्हणून घनफळ पाहणे हिताचे. अमेरिकेतील अॅक्रिन 6657 या अभ्यासातही एमआरआयवर मोजलेले घनफळ हाताच्या तपासणीपेक्षा प्रतिसादाचा चांगला अंदाज देणारे ठरले होते.

रंकाळ्याजवळची:
मी स्वतः या उपचारांतून गेले आहे. केमो सुरू होण्यापूर्वी माझा एमआरआय कोणी करून घेतलाच नाही, त्यामुळे मधल्या एमआरआयची तुलना कशाशी करायची, हा प्रश्न शेवटपर्यंत राहिला. आईंचा पहिला एमआरआय झाला असेल तर त्याची सीडी नक्की न्या, नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही. शक्यतो मशीनही तेच असू द्या. क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, अलीकडचा रिपोर्ट मागतील. मंगळसूत्र आणि बांगड्या घरीच काढून ठेवाव्यात. पालथे झोपून बराच वेळ न हलता राहावे लागते, हे आईंना आधीच समजावून सांगा.

शाहूपुरीतील रेडिऑलॉजिस्ट:
पेट-सीटीचा मुद्दा राहिला होता. त्यात फ्लोरीन-18 जोडलेली साखर शिरेतून देतात आणि ती जास्त वापरणारा भाग उजळतो. आजार हाडांत, यकृतात किंवा दूरच्या लसीकाग्रंथींत पसरला आहे का, हे पाहायला ती तपासणी उत्तम; स्तनात उरलेले काही मिलिमीटरचे अवशेष मात्र तिच्यातून निसटू शकतात आणि लोब्युलर (दूध तयार करणाऱ्या ग्रंथींत सुरू होणाऱ्या) प्रकारचा कर्करोग मुळातच फिका दिसतो. मामांचे ‘सगळे’ त्यात येत नाही.

कागलकर:
पहिल्या एमआरआयची सीडी आहे. आणखी एक शंका आहे: एमआरआयमध्ये काहीच दिसले नाही, तर शस्त्रक्रिया टळेल का?

शाहूपुरीतील रेडिऑलॉजिस्ट:
नाही. चित्र स्वच्छ असूनही सूक्ष्म अवशेष राहू शकतात; गाठ पूर्ण गेली की नाही, याचा निर्णय काढलेल्या ऊतीच्या पॅथॉलॉजी तपासणीतच होतो. गाठीच्या जागी धातूची बारीक क्लिप बसवली आहे का, हे मात्र आजच विचारा. नसेल तर गाठ पूर्ण दिसेनाशी होण्याआधी ती बसवून घ्यावी लागेल, नाहीतर सर्जनना नेमकी जागा सापडणे अवघड जाते.

कागलकर:
क्लिपबद्दल आम्हाला कोणी बोललेच नव्हते. संध्याकाळच्या ओपीडीत विचारून इथे लिहितो.