व्हिटॅमिन सी: गोळ्या कुटून माशांच्या खाद्यात टाकू नका

काटोलकडच्या एका मत्स्यपालक दादांनी विचारलंय, की मेडिकलमधल्या व्हिटॅमिन सीच्या गोळ्या कुटून कोंडा-ढेपेत मिसळल्या, तरी तळ्यातल्या मृगळ माशांवर लाल चट्टे आलेच, मग व्हिटॅमिनचा उपयोग काय?

दादा, उपयोग आहे, पण तुमच्या माशाच्या पोटात ते बहुधा पोचलंच नाही. साधं एस्कॉर्बिक ॲसिड पाण्यात लगेच विरघळतं. ओलावा, उष्णता आणि हवा लागली की साठवणीतही खराब होतं. आपल्या नागपुरात मे महिन्यात ४५ अंश, त्यात टिनाच्या शेडखाली खाद्याचं पोतं! म्हणून खाद्य घेताना पिशवीवर 'फॉस्फेट' स्वरूपातलं व्हिटॅमिन सी लिहिलंय का बघा, ते बरंच टिकतं.

बहुतेक माशांना आपल्यासारखंच सी शरीरात बनवता येत नाही. कॅटफिशच्या (मिशीवाल्या माशांच्या) वाढीला किलो खाद्यामागे २५ ते ५० मिलिग्रॅम पुरतं, रोगाशी लढायला मात्र जास्त लागतं. कमी पडलं की कणा वाकडा होतो, जखमा भरत नाहीत. शेवाळ आणि प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) भरपूर असलेल्या तळ्यात थोडंफार त्यातूनच मिळतं. पाण्यातल्या जाळीच्या पिंजऱ्यात किंवा दाटीनं मासे सोडलेल्या तळ्यात सगळी भिस्त खाद्यावर.

आणखी एक, कोंड्याला खवट वास येत असेल तर तो फेका. खवट तेल व्हिटॅमिन ई खाऊन टाकतं.

चट्टे आलेल्या माशावर मात्र व्हिटॅमिन हे औषध नाही. थंडीत येणारे असे व्रण बुरशीसारख्या जंतूचेही असू शकतात. दोन-तीन जिवंत मासे तळ्याच्याच पाण्यात घालून नागपुरातल्या तेलंखेडीच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात दाखवा.