मानद कार्यवाह, पगारी व्यवस्थापक आणि आदेश नेमका कोणाचा?

प्रश्न – पेठेतला वाचक

सदाशिव पेठेतील एका जुन्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या कार्यकारिणीवर मी नुकताच निवडून आलो आहे. अध्यक्ष, कार्यवाह, कोषाध्यक्ष आणि इतर सदस्य असे आम्ही सर्व मानद आहोत. दैनंदिन कामासाठी व्यवस्थापक, ग्रंथपाल, लिपिक आणि सेवक हे पगारी कर्मचारी आहेत. अडचण अशी की, व्यवस्थापकांना कार्यवाह एक सांगतात, कोषाध्यक्ष दुसरेच सांगतात आणि इमारत समितीचे निमंत्रक कोणालाही न विचारता थेट सेवकाला कामाला लावतात. अभ्यासिकेच्या दुरुस्तीसाठी अलीकडेच दोन वेगवेगळ्या ठेकेदारांना होकार कळवला गेला आणि दोघेही आमच्या दारात उभे राहिले. घटनेत पदाधिकाऱ्यांची कर्तव्ये ‘संस्थेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे’ अशा ढोबळ शब्दांत लिहिलेली आहेत. यासाठी घटनादुरुस्ती करावी, की अंतर्गत नियमांनी काम भागेल?

उत्तर – निवृत्त लेखापरीक्षक, कोथरूड

घटनादुरुस्तीच्या वाटेला तूर्त जाऊ नये. आपली संस्था बहुधा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली अशी दोन्हीकडे नोंदलेली असेल. संस्थेचे उद्देश बदलायचे झाले, तर पहिल्या कायद्याच्या कलम १२ नुसार विशेष सभेत तीन पंचमांश मते आणि महिन्याभराच्या अंतराने दुसऱ्या विशेष सभेत पुन्हा तितकीच मते लागतात. आपला प्रश्न उद्देशांचा नसल्यामुळे ते लागू होणार नाही. तरी साधे नियम बदलण्यासाठीही घटनेत सांगितलेली पद्धत पाळून सर्वसाधारण सभेपर्यंत जावे लागेल. त्याऐवजी कार्यकारिणीने अधिकार सोपवण्याचा सविस्तर ठराव करावा आणि तो इतिवृत्तात शब्दशः नोंदवावा.

ठरावात पहिलेच वाक्य असे असावे की, कार्यकारिणीचे अधिकार सामूहिक आहेत आणि सभेबाहेर कोणत्याही एका सदस्याला, ठरावाने दिलेले असल्याखेरीज, कर्मचाऱ्यांना आदेश देण्याचा अधिकार नाही. बहुतेक संस्थांत गोंधळाचे मूळ इथेच सापडते. त्यानंतर किती रकमेपर्यंतचा खर्च व्यवस्थापक स्वतः करू शकतील, त्यापुढे कार्यवाहांची लेखी मंजुरी कधी लागेल आणि कोणता विषय सभेपुढेच आणावा लागेल, हे आकड्यांसह लिहावे. खरेदीची मागणी करणारा, ती मंजूर करणारा आणि पैसे अदा करणारा अशा तीन व्यक्ती वेगवेगळ्या असाव्यात. धनादेशावर सही करण्याचा अधिकार म्हणजे खर्च ठरवण्याचा अधिकार नव्हे, हेही स्पष्ट लिहावे. अनेक कोषाध्यक्षांना तसे वाटत असते आणि आपल्याकडेही तेच झालेले दिसते.

उत्तर – भोसरीचा उत्पादन विभाग

ठराव आवश्यक आहे, परंतु तेवढ्याने काम होईल असे मला वाटत नाही. अमेरिकेतील फ्रेडरिक टेलर यांनी १९०३ मध्ये एका कामगारावर आठ तज्ज्ञ मुकादम नेमण्याची कल्पना मांडली होती. प्रत्येक मुकादम आपापल्या विषयात आदेश देईल, असा तिचा आशय होता. फ्रान्समधील खाणउद्योगात आयुष्य घालवलेल्या हेन्री फेयॉल यांनी १९१६ मध्ये नेमके उलट सांगितले: कर्मचाऱ्याला आदेश एकाच वरिष्ठाकडून मिळावा. आमच्या कारखान्यात गुणवत्ता विभाग माल अडवू शकतो, परंतु यंत्रावरच्या माणसाला काय करायचे हे पाळीचा सुपरवायझरच सांगतो. आपल्याकडेही सूचना कितीही जणांच्या असोत, त्या कार्यवाहांकडे जाव्यात, कार्यवाहांनी व्यवस्थापकांना सांगावे आणि व्यवस्थापकांनी पुढे सर्वांना.

त्यासाठी आधी एक करा. कार्यकारिणी आणि कर्मचारी एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर असतील, तर ते वेगळे करा. ज्या ग्रुपवर प्रत्येक सदस्य रात्री दहा वाजता लिपिकाला काम सांगू शकतो, तिथे ठराव कपाटातच राहतो.

उत्तर – एका शिक्षण संस्थेची आजीव सदस्य

वरील दोन्ही उत्तरांत मानद मंडळींनी ठरवायचे आणि पगारी मंडळींनी करायचे, अशी विभागणी गृहीत धरलेली आहे. मात्र पुण्याच्या संस्थाजीवनात हीच एक रीत होती असे नाही. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत शिकवणारे आजीव सदस्यच संस्थेचा कारभार पाहत असत. तिथेही वाद झाले. आजीव सदस्यांनी बाहेरची कामे आणि बाहेरचे उत्पन्न घ्यावे की नाही या वादातून १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला, परंतु काम करणाऱ्याचे मत निर्णयाच्या जागी पोहोचत नाही अशी तक्रार त्या रचनेत सहसा उद्भवत नव्हती.

म्हणून माझा प्रश्न असा की, आपले व्यवस्थापक कार्यकारिणीच्या सभेला बसतात का? मताचा अधिकार नसला तरी त्यांना निमंत्रित करावे, विषयपत्रिकेवर त्यांचा अहवाल पहिला ठेवावा आणि मगच निर्णय घ्यावा. दुसरे असे की, मानद सदस्यांचे हात पूर्ण बांधू नका. संध्याकाळी स्वतःच्या वेळात येऊन काम करणाऱ्या माणसाला ‘सूचना कार्यवाहांकडे पाठवा’ एवढेच सांगितले, तर तो काही महिन्यांत येणे थांबवेल. पुस्तक निवड किंवा व्याख्यानमाला अशी एखादी जबाबदारी, ठरलेल्या अंदाजपत्रकासह, त्याच्याकडे सोपवावी.

पेठेतला वाचक

सर्वांचे आभार. व्यवस्थापकांना सभेला बोलावले जात नाही, हे खरे आहे. पुढील सभेत तो विषय मी मांडतो. मात्र आमचे कार्यवाह वर्षातले काही महिने परदेशी मुलाकडे असतात. त्या काळात आदेश कोणी द्यावा?

निवृत्त लेखापरीक्षक, कोथरूड

सहकार्यवाहांनी द्यावा, आणि तसा उल्लेख त्याच ठरावात असावा. ‘अनुपस्थितीत’ एवढेच न लिहिता, कार्यवाहांनी लेखी कळवलेल्या तारखांपासून असे लिहावे. पाण्याची टाकी फुटली, वीजजोडणी तुटली अशा प्रसंगी व्यवस्थापकांना मर्यादेबाहेर खर्च करू द्यावा आणि पुढच्याच सभेत त्याला कार्योत्तर मंजुरी घ्यावी. जाता जाता, नवीन कार्यकारिणीचा बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात दाखल झाला आहे का, ते पाहा. निवडीपासून ९० दिवसांत तो द्यावा लागतो आणि खात्यावरील सह्या बदलताना बँक बहुधा परिशिष्ट १ चा, म्हणजे धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीतील संस्थेच्या नोंदीचा, उतारा मागते.